रेकॉर्डचं दुकान कसं चाळावं: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं ऐकायला आता रेकॉर्ड लागत नाही, फोन पुरतो. रेकॉर्डच्या दुकानात जायचं ते चाळायला. जे शोधत नव्हतो तेच हाताला लागतं, मजा त्यात आहे. पण चाळणं ही हातानं शिकायची गोष्ट आहे. चुकलं तर दुकानदाराचा माल बिघडतो आणि आपले पैसे जातात. नेहमी येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. जिथे नुकसान जास्त होतं तिथे उत्तरं लांबली आहेत.

नागपुरात जुन्या रेकॉर्ड मिळतात तरी कुठे?

पाटीवर 'रेकॉर्ड' लिहिलेलं दुकान शोधत निघालात तर नुसती पायपीट होईल. माल बहुतेक दुसऱ्याच धंद्याच्या दुकानात पडलेला असतो. जुने रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याच्या माळ्यावर, जुन्या पुस्तकांच्या मागच्या रांगेत, पितळी दिवे आणि लंबकाची घड्याळं मांडून बसलेल्या अँटिकवाल्याकडे, आणि कबाड्याकडे. बर्डी, इतवारी, महाल, सदर या जुन्या बाजारपेठा पायी फिरा आणि मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्या धरा. दुकानाबाहेर तुटका रेडिओ किंवा स्पीकरचं रिकामं खोकं दिसलं की थांबायचं.

विचारताना 'व्हायनल' म्हणू नका. "भाऊ, जुन्या रेकॉर्ड असतात का, काळ्या तबकड्या, गाण्याच्या?" एवढं पुरतं. "होत्या, विकल्या" असं उत्तर आलं तर लगेच वळू नका. कोणाला विकल्या ते विचारा. शहरातला माल फिरून फिरून त्याच चार-पाच जणांकडे जातो. तिसऱ्या दुकानात त्यातलंच एखादं नाव पुन्हा ऐकू आलं की रस्ता बरोबर आहे असं समजा.

माल येतो कधी?

दिवाळीच्या आधी, घरोघर माळे साफ होतात तेव्हा. दुसरं म्हणजे धरमपेठ, रामदासपेठ, धंतोलीतला एखादा जुना बंगला पाडून तिथे फ्लॅट स्कीम उभी राहणार असते तेव्हा. अशा घरातला माल सुटा येत नाही, खोकीच्या खोकी येतो, आणि पहिल्या आठवड्यात त्याला हात लागला तरच त्यातलं चांगलं मिळतं. म्हणून कबाड्याशी ओळख ठेवा, त्याच्याकडे आपला नंबर देऊन ठेवा आणि महिन्यातून एकदा चक्कर मारा. रोज जाऊन डोकं खाऊ नका.

एकाच खोक्यात मराठी नाट्यगीत, रवींद्रसंगीत आणि इंग्रजी कंट्री गाणी कशी काय?

ही या शहराची खूण आहे. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची. त्यामुळे सरकारी नोकरदार ठिकठिकाणाहून आले. त्याच्या आधी, १८८७ मध्ये, बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि रेल्वेबरोबर बंगाली कुटुंबं आली. सदर आणि रेल्वे वसाहतींकडे अँग्लो-इंडियन घरं होती. हे सगळे आपापली गाणी घेऊन आले आणि पुढच्या पिढीनं एकाच कबाड्याला विकली. म्हणून इथे खोकं चाळताना लेबल वाचता न येणारी रेकॉर्ड दिसली तर मागे ढकलू नका. बंगाली अक्षरं ओळखता येत नसतील तर फोनचा कॅमेरा लावा. कंट्री गाणारे अमेरिकन गायक जिम रीव्हज यांच्या रेकॉर्ड मात्र इतक्या निघतात की एखादी चांगली प्रत घ्यावी आणि बाकीच्या दुसऱ्यासाठी ठेवाव्यात.

चाळायची पद्धत काय?

आधी हात. तर्री-पोहे खाऊन थेट दुकानात शिरू नका. तेलाचं बोट खाचांवर लागलं की त्यावर धूळ धरते आणि ती धूळ सुईखाली खरखरते. हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. घाम येत असेल तर रुमाल जवळ ठेवा.

रेकॉर्ड उभ्या लावलेल्या असतील तर समोरून सुरुवात करा. कव्हरच्या वरच्या कडेला दोन बोटं लावून एकेक आपल्याकडे झुकवायचं. कोपरा धरून ओढायचं नाही, कारण कव्हर फाटतं ते कोपऱ्यातच. रांग फार घट्ट असेल तर आधी पाच-सहा रेकॉर्ड काढून बाजूला उभ्या ठेवा, म्हणजे बाकीच्या हलतात. घट्ट रांगेत जबरदस्तीनं बोटं घातली की शेजारच्या कव्हरवर गोल उठाव घासून उमटतो.

आडव्या गठ्ठ्यात चाळायचं असेल तर मधली ओढून काढण्याचा मोह आवरा. वरून दहा-दहा उचलून बाजूला ठेवत जा आणि परत त्याच क्रमानं लावा. एलपी, म्हणजे बारा इंची प्लॅस्टिकची रेकॉर्ड, कव्हरसकट सुमारे पाव किलोची असते, म्हणजे पन्नासांचं खोकं बारा-तेरा किलोचं झालं. ते एका हातानं ओढलं तर तळ फाटतो, आणि तो तुमच्याच पायावर फाटतो.

आवडलेल्या रेकॉर्ड बाहेर काढून वेगळ्या ठेवा, पण उभ्या, आणि उन्हाच्या पट्ट्यात नाही. दुकानाच्या दारातून येणारं दुपारचं ऊन तासाभरात सरकतं. मघाशी सावलीत ठेवलेला गठ्ठा कधी उन्हात आला ते चाळण्याच्या नादात कळत नाही.

एका बैठकीत दीडशे-दोनशे पुरे. त्यानंतर डोळे नुसते सरकतात, वाचत नाहीत.

दुकानदार विचारतो, "कोणती पाहिजे?" काय सांगायचं?

एकाच गाण्याचं नाव सांगितलंत की तो "नाही" म्हणतो आणि गोष्ट संपते. "काका, काही ठरवून आलो नाही. खालचा खोका चाळू का? होता तसा लावून देतो." असं म्हटलं की बहुतेक जण स्टूल पुढे सरकवतात. आणि खरंच होता तसा लावून द्या. दुसऱ्या खेपेला माळ्यावरचा खोका खाली येतो तो याच कारणानं.

फोन काढून प्रत्येक रेकॉर्डचा परदेशी भाव त्याच्यासमोर बघू नका. तो भाव त्यालाही बघता येतो, आणि मग तुम्हाला तोच सांगितला जातो.

घेण्याआधी एलपी तपासायची कशी?

पहिल्यांदा कव्हरवरचा नंबर आणि रेकॉर्डच्या लेबलवरचा नंबर जुळतो का बघा. कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसरीच, हे पाचपन्नासातल्या एखाद्या रेकॉर्डबाबत हमखास होतं आणि घरी आल्यावरच लक्षात येतं. दोन रेकॉर्डच्या सेटमध्ये तर एकच रेकॉर्ड दोनदा असल्याचंही निघतं. 'गीतरामायण'सारखा संच घेताना सगळ्या लेबलांवरची गाणी मोजा. मूळ गीतं ५६ आहेत, त्यापेक्षा कमी भरली तर संच फुटलेला आहे किंवा निवडक गाण्यांचा आहे.

मग रेकॉर्ड बाहेर काढा. कव्हर थोडं फुगवा आणि आतल्या पिशवीसकट रेकॉर्ड तळहातावर सरकू द्या. कड अंगठ्याच्या मुळाशी टेकेल आणि बाकीची बोटं लेबलखाली येतील. खाचांना बोट लावायचं नाही. ट्यूबलाइटखाली किंवा दाराशी नेऊन तिरपी धरा आणि हळूहळू फिरवा. सरळ समोरून बघितलं तर प्रत्येक रेकॉर्ड नवी दिसते.

केसासारख्या बारीक रेघा म्हणजे बहुतेक आतल्या कागदी पिशवीचं घासणं. त्या दिसतात जास्त, ऐकू कमी येतात. खरा ओरखडा ओळखायला नखाची कड त्यावरून अगदी अलगद, दाब न देता, एकदाच न्या. नख अडखळलं तर सुईसुद्धा अडखळणार.

किती अडखळणार याचाही हिशोब करता येतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. आडवा ओरखडा असेल तर दर १.८ सेकंदांनी एक 'टक्'. वीस मिनिटांच्या बाजूला सुमारे ६६७ फेरे असतात आणि ते साधारण आठ सेंटिमीटर पट्ट्यात बसवलेले असतात, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ऐंशीच्या वर. तेव्हा केंद्राकडे जाणारा एक सेंटिमीटरचा ओरखडा तुम्हाला अडीच मिनिटं टक्-टक् ऐकवतो. तो कोणत्या गाण्यावर आहे ते बघा. नको असलेल्या गाण्यावर असेल तर रेकॉर्ड घ्यायला हरकत नाही, आणि भाव कमी करून मागायला तर मुळीच नाही. खाचांच्या दिशेनं धावणारा छोटासा ओरखडा मात्र दिसायला निरुपद्रवी आणि वागायला वाईट. सुई त्यात शिरते आणि तीच ओळ परत परत म्हणत बसते, किंवा उडी मारून पुढे जाते.

आता रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कड बघा. पूर्ण बशीसारखी वाकलेली असेल तर पुष्कळदा वाजते. कडेलाच एका ठिकाणी लाट असेल तर पहिलं गाणं जातं. लेबलवर मधल्या भोकाभोवती करड्या रेघांचं जाळं दिसलं तर रेकॉर्ड शेकडो वेळा चढवली-उतरवली आहे. आणि खाचाच करड्या, निस्तेज दिसत असतील, विशेषतः आतल्या गाण्यांच्या, तर बोथट सुईनं त्या खाल्ल्या आहेत. ते धुऊन जात नाही.

पांढरट ढगासारखे डाग बुरशीचे असतात. प्लॅस्टिकच्या रेकॉर्डवरचे बहुतेक धुतल्यावर जातात. तेवढ्यासाठी चांगली रेकॉर्ड सोडू नका.

लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डचं काय?

त्यांचे नियम वेगळे. या रेकॉर्ड लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या. लाख म्हणजे गोंदियाकडच्या जंगलात झाडांवर मिळते तीच. वजनाला जड आणि स्वभावानं काचेसारख्या. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं एक गाणं.

तडा शोधायला माठ घेताना करतो तेच करा. मधल्या भोकात बोट घालून रेकॉर्ड मोकळी लटकवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्यानं कडेजवळ हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर अखंड, 'भद्द' आला तर कुठेतरी तडा आहे. लेबलखालचा तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र कळतो.

एकाच बाजूला गाणं आणि दुसरी बाजू कोरी, अशी रेकॉर्ड दिसली तर ती अगदी सुरुवातीच्या काळातली. भारतातली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाली, आणि गौहर जान त्यातल्या पहिल्या गायिकांपैकी. त्या काळच्या गायिका गाण्याच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगतात, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोणाचं गाणं ते कळायला हवं होतं. असली रेकॉर्ड इथल्या खोक्यात रोज निघत नाही, पण दुसरी बाजू उलटून बघायची सवय ठेवा.

लेबलवरच्या अक्षरांवरून काय कळतं?

पुष्कळ. एचएमव्हीच्या जुन्या भारतीय एलपींवर ईएएलपी आणि ईसीएलपी ही अक्षरं असतील तर रेकॉर्ड मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. ईएएसडी आणि ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज वेगळा. ७ईपीई म्हणजे सात इंची ईपी, ४५ फेऱ्यांची, बहुतेक दोन्ही बाजू मिळून चार गाण्यांची. पण वेग नेहमी लेबलवर वाचून घ्या, आकारावरून धरू नका. लेबलवर 'डमडम' दिसलं तर कंपनीच्या कोलकात्याच्या कारखान्यातली छपाई.

एक फसवा प्रकार म्हणजे जुनं मोनो ध्वनिमुद्रण नंतर यंत्रानं 'स्टिरिओ' केलेलं. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रिप्रोसेस्ड' किंवा तत्सम काही लिहिलेलं असतं. आवाज पोकळ, हौदात गायल्यासारखा येतो. पन्नाशी-साठीच्या दशकातली गाणी मोनोच घ्यावीत असं आमचं ठाम मत आहे. स्टिरिओ शब्दासाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे बिघडवलेल्या मालाला चढा भाव देणं.

विदर्भाशी नातं असलेलं काही मिळतं का?

मिळतं, आणि शोधण्यासारखं आहे. मराठी भावगीत रेकॉर्डवरून घराघरात गेलं त्यात जी. एन. जोशी यांचा वाटा फार मोठा. ते नागपूरचे वकील, पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम बघायला लागले. 'रानारानांत गेली बाई शीळ' ही त्यांची गाजलेली रेकॉर्ड. गीत मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचं, आणि तेही वकीलच. ही ७८ ची रेकॉर्ड आहे, त्यामुळे मिळाली तर आधी माठाची परीक्षा. डॉ. वसंतराव देशपांडे जन्मानं मूर्तिजापूरचे आणि गाण्याचे पहिले धडे नागपुरात घेतलेले. त्यांच्या नाट्यपदांच्या आणि शास्त्रीय गाण्याच्या एलपी अजून बऱ्या स्थितीत निघतात, कारण त्या लग्नाच्या मांडवात वाजत नसत. मांडवात वाजलेल्या सिनेमाच्या रेकॉर्डांची दशा बघितली म्हणजे फरक कळेल.

जुन्या कव्हरांवर दुकानांचे शिक्के आणि पेनानं लिहिलेले 'लग्नानिमित्त सप्रेम भेट' असे मजकूर असतात. त्यानं भाव उतरतो म्हणतात. उतरू द्या. बर्डीचा जुना शिक्का असलेली प्रत आणि कोरी प्रत समोर आली तर शिक्क्याची उचला.

भाव कसा ठरतो? घासाघीस करावी का?

करावी, पण एकेका रेकॉर्डवर नाही. आठ-दहा बाजूला काढा आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारा. दोष दाखवायचा असेल तर नेमका दाखवा: "हिच्या दुसऱ्या बाजूला पहिल्या गाण्यावर ओरखडा आहे, बघा." नुसतं "खराब आहे" म्हटलं की समोरचा म्हणतो, मग राहू द्या.

जुनी म्हणजे महाग, हे खरं नाही. १९७५ च्या 'शोले'च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची रेकॉर्ड प्रसिद्ध आहे, पण ती खपलीच इतकी की अजून सापडते. त्याउलट फारसा न चाललेला सिनेमा, थोडक्याच प्रती निघालेलं शास्त्रीय गाणं, प्रादेशिक भाषेतली रेकॉर्ड, यांना जाणकार जास्त मोजतात. नवी परदेशी एलपी दोन-तीन हजारांच्या घरात जाते. तेवढ्यात कबाड्याकडून पिशवीभर घेता येतात, मात्र पिशवीतल्या निम्म्या वाजणार नाहीत हे धरून चाला.

दुकानात पितळी भोंग्याचा ग्रामोफोन आहे. घ्यावा का?

शोभेला ठेवायचा असेल तर घ्या. 'अँटिक' म्हणून सांगितले जाणारे बरेचसे नवे जुळवलेले असतात: चकचकीत भोंगा, नवं लाकडी खोकं, वर कुत्र्याचं स्टिकर, आणि आत कुठल्यातरी पेटीच्या ग्रामोफोनची मोटर. तळाचं झाकण उघडून दाखवायला सांगा. स्क्रू नवे आणि लाकडात आधीच्या स्क्रूंची रिकामी भोकं, असं दिसलं की समजायचं.

आणि एक सक्त सूचना. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारा गोल डबा, शंभर ग्रॅमच्या पुढे दाबतो आणि खाली पोलादी पिन असते. एलपीच्या खाचेला दोन-अडीच ग्रॅमची सवय, तिची एकाच खेपेत माती होते. लाखेच्या रेकॉर्डलाही दर बाजूला नवी पिन लागते. जुनीच पिन चालवणं म्हणजे रेकॉर्ड खरवडणं.

सुरुवातीला कोणता प्लेअर घ्यावा?

सुईचा दाब मोजून लावता येतो असा. साधारण दीड ते अडीच ग्रॅम. सुटकेसच्या आकाराचे गोंडस प्लेअर पाच ग्रॅमच्या आसपास दाबतात आणि वाकलेल्या रेकॉर्डवर उड्या मारतात. एचएमव्ही फिएस्टा किंवा फिलिप्सचा जुना प्लेअर मिळाला तर त्याची रबरी चाकं कडक झालेली आहेत का बघा. तसं असेल तर सूर लहरतो आणि तानपुरा वर-खाली होताना ऐकू येतो. त्याच्या सुईला एक छोटी कळ असते, एकीकडे एलपी आणि दुसरीकडे ७८. ती चुकीच्या बाजूला राहिली तर एलपीचा आवाज चिरका येतो आणि खाच बिघडते, कारण ७८ ची सुई जवळजवळ तिप्पट जाड असते, ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची २५ किंवा त्याहून बारीक.

अमेरिकेहून नातेवाइकानं आणलेला जुना प्लेअर फक्त ट्रान्सफॉर्मर लावून चालत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. विजेच्या हर्ट्झवर चालणारी मोटर असेल तर ३३⅓ चे २८ च्या खाली येतात आणि लताबाई पुरुषी आवाजात गातात.

आवाज अगदी बारीक आणि पातळ येत असेल तर बिघाड समजू नका. अँप्लिफायरला 'फोनो'चं भोक नाही, म्हणून मध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारा छोटा डबा, लागतो.

घरी आणल्यावर धुवायची कशी?

प्लॅस्टिकच्या रेकॉर्डसाठी ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. जास्त साबण घातला तर तो खाचेत वाळतो आणि सुईवर पांढरा गोळा जमतो. लेबल कोरडं ठेवा. त्यावर वाटी उपडी धरली तरी चालतं. मऊ मायक्रोफायबर कापडानं खाचांच्या दिशेनं, गोल, तीन-चार फेरे. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा एकदा. नळाचं पाणी नको, क्षार राहतात आणि तेच कुरकुरतात. भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून अर्धा-पाऊण तास वाळवा आणि जुन्या पिशवीत परत घालू नका, धूळ तिथेच असते.

लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोलचा थेंबही नको. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, सुताराचं लाखेचं पॉलिश त्यावरच बनतं. तिथे फक्त पाणी, साबणाचा एक थेंब, आणि लगेच पुसणं. रॉकेल, पेट्रोल, काच पुसायचं निळं पाणी यांतलं काहीच कोणत्याच रेकॉर्डला नको.

नागपूरच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड टिकतात का?

घरात टिकतात, गाडीत नाही. प्लॅस्टिकची रेकॉर्ड साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान मऊ पडते. बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये तेवढं तापमान सहज होतं. बर्डीला खरेदी केली, गठ्ठा मागच्या काचेखाली ठेवला आणि जेवायला गेलात, की येईपर्यंत बश्या झालेल्या असतात. मे महिन्यात खरेदी सकाळी अकराच्या आत उरका आणि गठ्ठा बरोबर घेऊन फिरा.

घरातले दोन शत्रू नागपूरकराच्या ओळखीचे. एक पश्चिमेची भिंत. दिवसभर तापते आणि रात्री अकरापर्यंत गरम राहते, त्या भिंतीला कपाट लावू नका. दुसरा कूलर. त्याच्या ओल्या हवेच्या झोतात कव्हरं फुगतात, चिकटतात, आणि पावसाळा सुरू होईपर्यंत बुरशी धरते. कूलर ज्या खोलीत आहे तिथे रेकॉर्ड ठेवायच्याच असतील तर झोताच्या उलट बाजूला, बंद कपाटात.

उभ्या ठेवा, सरळ, तिरप्या नाही. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला चांगली नाही. वाळवी बघायला दर दोन महिन्यांनी सगळ्यात खालचा कप्पा रिकामा करून बघा. ती कव्हरंच खाते, रेकॉर्ड सोडते. पण कव्हर नसलेल्या रेकॉर्डला भाव येत नाही.

थोडी वाकलेली रेकॉर्ड दोन जाड सपाट काचांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या आणि दोन-तीन आठवडे विसरा. पुष्कळदा सरळ होते, नेहमी नाही. उन्हात ठेवून सरळ करण्याचा उद्योग नको. खाचाच पसरतात.

आजोबांच्या दीडशे रेकॉर्ड घरात आहेत. विकायच्या आहेत.

किलोवर देऊ नका. आधी यादी करा: कंपनी, लेबलवरचा नंबर, गायक, स्थिती. दोन संध्याकाळींचं काम आहे. कव्हरं आणि रेकॉर्ड वेगळ्या करू नका. घेणारा फक्त दहा निवडून "बाकीच्या तशाच ठेवा" म्हणाला तर त्या दहांचा भाव वाढवून सांगा, कारण सगळा ऐवज त्याच दहांत आहे. ७८ च्या रेकॉर्ड असतील तर सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची जुनी संस्था आहे, १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेली. विकण्यापूर्वी आपल्याकडे काय आहे ते अशा जाणकारांना दाखवून घ्या.

नागपूरबाहेर कुठे जावं, आणि माल आणायचा कसा?

आपण रेल्वेच्या बरोबर मध्यावर बसलो आहोत, त्याचा फायदा घ्या. गीतांजली एक्स्प्रेस एका बाजूला मुंबईला नेते आणि दुसऱ्या बाजूला हावड्याला. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, मात्र शुक्रवारी नको, तो तिथला सुटीचा दिवस. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, जुन्या यादीत नाव दिसलं म्हणून तिकडे जाऊ नका. कोलकात्यात फ्री स्कूल स्ट्रीट, आता मिर्झा गालिब स्ट्रीट. जुन्या पुस्तकांच्या आणि रेकॉर्डांच्या दुकानांसाठी ती ओळखली जाते, आणि डमडमचा कारखाना त्याच शहरात होता, त्यामुळे माल विपुल. दिल्लीत चांदनी चौकातलं न्यू ग्रामोफोन हाउस, फाळणीपूर्वी लाहोरमध्ये सुरू झालेलं.

परत येताना रेकॉर्ड उभ्याच राहायला हव्यात. एलपीचं कव्हर सव्वाबारा इंचांचं, त्यामुळे साधी कापडी पिशवी तोकडी पडते. तेरा इंची पुठ्ठ्याचं खोकं न्या, आत दोन्ही टोकांना प्लायचा तुकडा घाला आणि मधली मोकळी जागा वर्तमानपत्रानं भरा. रेकॉर्ड आत हलली तर कव्हरच्या कडा फाटतात. प्रवासात रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, पण आतल्या पिशवीत, अशी कव्हरच्या मागे लावली तर धक्क्यानं कव्हर आतून चिरत नाही. खोकं बर्थखाली आडवं ढकलू नका. कोणाची तरी ट्रंक त्याच्यावर येतेच. पायाशी, उभं, आपल्या नजरेसमोर. लाखेच्या रेकॉर्ड असतील तर प्रत्येक दोहोंमध्ये पुठ्ठा घाला आणि खोकं हमालाच्या डोक्यावर देऊ नका, स्वतः उचला. गाडी उन्हाळ्यात दुपारी नागपूरला पोचणार असेल तर ऑटोत खोकं उघड्या बाजूला ठेवू नका, तिथे ऊन येतं. मध्ये ठेवा.